मोगरा, बोंबील आणि मेमसाबची टाकी

मला वास येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं लपवलं. तापानं गेला, म्हातारपणानं गेला असलं काही नाही. विशीतच गेला, पेट्रोलनं खाल्ला. पुढची सगळी वर्षं मी माझ्या बायकोच्या नाकावर काढली. दूध करपलं की भागी सांगायची, शर्ट बदला म्हणून भागी सांगायची, पावसात चपला कुजल्या की त्या दोन बोटांत धरून गॅलरीत नेऊन टाकायची आणि वर मलाच शिव्या द्यायची. तिला जाऊन सात महिने झाले. मागच्या महिन्यात गॅसचं बटण अर्धवट राहिलं आणि मी बाजूलाच खुर्ची टाकून भेंडी चिरत बसलो होतो. सून कामावरून आली, ती दारातूनच ओरडली, "बाबा, हात लावू नका कशालाही, खिडक्या उघडा!" दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीला एक डबी लावून घेतली. गॅस सुटला की ती डबी टी-टी-टी करते. म्हणजे भागीच्या जागी आता डबी आली. फरक एवढाच की डबी शिव्या देत नाही, त्यामुळं माझा तिच्यावर पुरता भरवसा बसत नाही.

वहीसुद्धा सुनेनंच आणली. म्हणाली, "दिवसभर भिंतीशी बोलता, त्यापेक्षा वहीशी बोला." मी चौथी शिकलेला. हात पान्याला सरावला, पेनाला नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नका, मजकुराकडं बघा. आणि मजकूर एवढाच आहे की भागी मला कशी भेटली. लोकांच्या बायका देवळात भेटतात, लग्नात भेटतात. मला माझी एका गळक्या मोटारीच्या मागच्या चाकापाशी भेटली, हातात सुका बोंबील घेऊन.

आज मी चिखलोलीत सातव्या मजल्यावर बसून हे लिहितो, त्या इमारतीच्या बुडाशी आमचं भाताचं खाचर होतं. लोक म्हणतात इथं स्टेशन येणार. येईल तेव्हा येईल. तेव्हा इथून सायकल मारायची ती अंबरनाथच्या कंपन्यांच्या कुंपणाकुंपणानं थेट उल्हासनगरच्या कॅम्पात. सकाळचा भोंगा झाला की मी कंपनीच्या गेटाजवळ असलो पाहिजे, नाही तर उशीर झाला असं समजायचं. घड्याळ कोणाकडं होतं? भोंगाच आमचं घड्याळ. कॅम्पात पलटणीच्या जुन्या बराकी होत्या, त्यांत फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं राहायची, आणि त्यातल्या एका बराकीच्या अर्ध्या भागात टिल्लूमल सेठचं घर आणि अर्ध्या भागात गॅरेज. मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या इकडं पत्रा ठोकायची ठणठण आणि पलीकडं सेठची बायको, जिला आम्ही सगळे अम्मा म्हणायचो, तिची पापडाच्या पिठावर मुसळाची धपधप. दोन्ही आवाज एका तालात आले की सेठ पाना हवेत धरून मान डोलवायचा. म्हणायचा, "सुन पुट, मुफ्त का बाजा." पुट म्हणजे पोरा, मला तो तशीच हाक मारायचा.

अम्मा मला उपाशी पोटानं गाडीला हात लावू द्यायची नाही. कधी कांदा-मिरची घातलेली जाड कोकी रोटी, कधी रविवारी दाल आणि तळलेला पकवान, वर चिंचेचं पाणी. मी घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी न्यायचो. अम्माचा उपास नसेल त्या दिवशी ती चटणी माझ्या डब्यातून चिमूटचिमूट करत संपवायची आणि सेठला सांगायची की लडका चटणी घरी विसरून आला. घरी मात्र माझी आई मला ओटीवर चढू द्यायची नाही. "तिथंच उभा ऱ्हा, घाणीच्या!" मग मोरीपाशी कपडे उतरवायचे, राखेनं हात घासायचे, मग साबण, मग परत राख. मला वाटायचं आई उगाच करते, कसला आलाय वास? तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण माणसाचा दात दुखला तर त्याला कळतं. नाक मेलं तर कळत नाही, कारण मेल्याचा वास घ्यायलाही नाकच लागतं.

आता मेमसाबबद्दल. मेमसाब म्हणजे सेठची वरातीची मोटार. काळी आणि दुधी, दोन मोठे गोल दिवे, बाजूला पायऱ्या, माझ्या बापापेक्षा वयानं मोठी. गिऱ्हाइकाला सेठ सांगायचा की ही संस्थानाच्या दिवाणाची गाडी. मला माहीत होतं की त्यानं ती बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातून झाडाझुडपासकट उचलली होती. इंजिन उघडलं तेव्हा आत सरड्याची अंडी निघाली. सेठनं दोन वर्षं घासून तिला उभी केली. अंबरनाथ, बदलापूर, आसपासची गावं, ज्याला ऐपत तो आपल्या पोराची वरात मेमसाबमधून काढायचा, आणि पोराकडचे लोक ऐट म्हणून तिची टाकी स्वतः गच्च भरून द्यायचे. "टाकी फुल्ल केली" हे वरातीत चार जणांना ऐकू जाईल असं म्हणायची रीतच पडली होती.

पण एक भानगड सुरू झाली. नवऱ्या ओकायला लागल्या. पहिली ओकली तेव्हा लोक म्हणाले लग्नाची दगदग. दुसरी ओकली तेव्हा जेवणातल्या बटाटेवड्यावर आलं. तिसरी भर चौकात मोटारीच्या खिडकीतून ओकली आणि तिच्या सासूनं अशा नजरेनं बघितलं की बिचारीला पुढं नऊ महिने पुरे होऊन वर आणखी दोन होईपर्यंत कोणी सुखानं जगू दिलं नसेल. त्या नवऱ्याच्या बापानं सेठला येऊन झापलं, "तुमच्या गाडीत पेट्रोलचा वास मारतो." सेठनं माझ्याकडं बघितलं. "धर्मा, लीक आहे काय?" मी वाकलो, हुंगलो. "नाय सेठ." सेठनं स्वतः हुंगलं. सेठ दिवसातून वीस वेळा तपकीर ओढायचा. त्यालाही नाही आला. दोन मेलेल्या नाकांनी ठरवलं की गाडी ठणठणीत आहे.

तरी मी हात राखून काम केलं नाही, हे खरं. जुन्या गाडीची गळती शोधायची म्हणजे पेट्रोल ज्या वाटेनं जातं त्या वाटेनं आपणही जायचं, टाकीपासून इंजिनापर्यंत. मी उलटा गेलो, इंजिनाकडून. कार्बोरेटर खोलला, त्यातली सुई घासून बसवली, कारण सुई अडकली की वाटी भरून वाहते. पंपाचा पडदा बदलला. रबराची नळी कडक होऊन तिला भेगा पडल्या होत्या, ती नवी टाकली. पितळी जोड आवळले. टाकीच्या खालच्या शिवणीला कपडे धुण्याचा साबण ओला करून थापला. हा आमचा कॅम्पातला जुना इलाज, पेट्रोल साबणाला खात नाही. मग खाली कोरा कागद अंथरला, तासभर थांबलो, कागद कोरडा. "सेठ, झालं." पुढच्या वरातीत नवरी ओकली.

यात आमची जी चूक होती ती फक्त आम्हीच करू शकलो असतो. गल्लीत चोर उभ्या गाड्यांतून रबरी नळी घालून पेट्रोल काढून न्यायचे. म्हणून सेठचा नियम असा की वरात संपवून मेमसाब परत आली की पहिलं काम, टाकीतलं पेट्रोल तोंडानं ओढून कॅनमध्ये काढायचं आणि कॅन अम्माच्या पलंगाखाली कुलपात. टाकीत फक्त तळाला राहील एवढं, पंपापर्यंत जाण्यापुरतं. रोज सकाळी सेठ बांबूची काठी टाकीत बुडवून बघायचा, ओली बोटभर असली की खूश. आणि मग त्या रिकाम्या टाकीत आम्ही गळती शोधायचो! म्हणजे विहीर उपसून घ्यायची आणि मग विचारायचं पाणी झिरपतं कुठून. सेठ चिंगूस होता असं मात्र कोणी समजू नये. अम्माच्या पलंगाखालच्या त्याच कॅनमधून तो बराकीतल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला पेट्रोल काढून द्यायचा. फक्त चोरानं न्यावं हे त्याला सोसायचं नाही.

अशात कुळगावच्या एका घरची सुपारी आली. मुलगी कुळगावची, मुलगा अंबरनाथचा. सेठ म्हणाला, "पुट, ये आखरी. या वेळेला लफडं झालं तर मेमसाब भंगारात, आणि तू तुझ्या बापाबरोबर नांगरावर." मी परत साबण थापला, जास्त जाड.

दुपारी लग्न लागलं, जेवणं झाली, चारच्या सुमाराला वरात निघायची. मेमसाब झेंडूच्या माळांनी इतकी मढवली होती की दाराची कडी सापडेना. नवरा-नवरी मागच्या गादीवर बसले. नवरीचं नाव मंजुळा. सेठ कोट घालून पुढं, मी त्याच्या बाजूला. बँडवाल्यांनी तोंडं ओली केली. नवऱ्याचा मामा अंबरनाथ एमआयडीसीत रात्रपाळी करणारा, जाडजूड, तोंडात बिडी. सकाळी त्यानंच पंपावर गाडी नेली होती. आणि निघण्याआधी नवरीची धाकटी बहीण औक्षणाचं ताट घेऊन पुढं आली. सतरा-अठराची असेल. काळीसावळी, हिरवं लुगडं, नाकात मोठी चमकी. मागच्या खिडकीपाशी ताट उचललं, थांबली. नाक आक्रसलं. एकदा हुंगलं, परत हुंगलं. आणि ताटातल्या दिव्यावर वाकून तिनं जोरात फुंकर मारली. फू!

बँडचा पहिला सूर होता तो अर्ध्यात मेला. आमच्याकडं दिवा फुंकत नाहीत. विझवायचा झाला तर फूल ठेवून शांत करतात, तोही नमस्कार करून. आणि हिनं सख्ख्या बहिणीच्या वरातीचा दिवा, नवरा-नवरीच्या तोंडासमोर, फुंकला. तिची म्हातारी काशी आत्या मांडवातून छाती बडवत धावली. "अगो बाये! दिवा फुकलास? बहिनीचा दिवा फुकलास गो तू, भागे?"

"फुकला," भागी म्हणाली. "गाडीत पेट्रोल सांडलंय. वास येतंय नाय तुमाना? शेजारच्यांचा स्टो भडकला तेव्हा असाच वास येत होता."

"मोटारीला मोटारीचा वास नाय येणार तर काय खिरीचा येईल?" मामा म्हणाला. लोक हसले. पण नवऱ्याकडच्या दोन बायका हसल्या नाहीत. एक दुसरीच्या कानाला लागली, आणि त्या काय बोलल्या ते सांगायला ऐकू यायची गरज नव्हती. करवलीनं दिवा फुंकला ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अंबरनाथला पोचणार होती, आणि मग बहिणीच्या घरात काही म्हणता काही वाईट झालं, म्हैस मेली तरी, ते भागीच्या नावावर. अशा पोरीला दाराशी स्थळ येत नाही. तिच्या बापाचा, आबांचा, चेहरा मातीसारखा झाला होता. ते सेठला म्हणाले, "सेठ, तुमी सांगा. हाय काय गळती?"

"साईं, लीक कुठून येणार? माझ्या लडक्यानं हफ्ताभर चेक केलाय. बोल पुट."

सगळा मांडव माझ्याकडं वळला. मी खाली उतरलो, मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसलो, कुत्र्यासारखा हुंगलो. काही नाही. खरंच काही नाही. "वास नाय," मी म्हणालो. आणि वर बघितलं तर ती माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून विकणाऱ्याकडं बाई बघते ना, तशी.

"तुझं नाक कुठं गहाण ठेवलंस रं?" ती म्हणाली. मग वळून तरातरा घरात गेली. लोकांना वाटलं रडायला गेली. पण ती लगेच परत आली, एक हात पदराखाली. "डोळे मिट."

"कशाला?"

"मिट म्हनते ना."

मिटले. माझ्या नाकाखाली तिनं काहीतरी धरलं. मी छाती भरून श्वास घेतला. वारा आत गेला, बाकी काही नाही. पण लग्नघर, पोरीचा हात, हिरवं लुगडं, डोळे मिटलेले, दुसरं काय असणार? मी पूर्ण भरवशानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मोगरा."

मग असा हशा उठला की मांडवाच्या आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. बँडवाला ढोलावर पालथा पडला. मी डोळे उघडले. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, तिच्या दोन बोटांत, शेपटीला धरलेला एक सुका बोंबील लोंबत होता. "ह्यो बघा तुमचा साक्षीदार," ती म्हणाली. "ह्याला बोंबलाचा मोगरा वाटतंय. ह्याच्या शब्दावर माजी बहीन जाळताव काय?"

मामानं बोंबील घेऊन सेठपुढं धरला. "घ्या सेठ, तुमी सांगा." सेठनं तेवढ्यात सवयीनं तपकिरीची डबी उघडली होती. तो इतक्या जोरात शिंकला की डबीतली निम्मी तपकीर मामाच्या मिशीत गेली. आता साक्षीदार दोन्ही बाद.

हसतं सगळं जग, पण मला हसू येईना. शरम वाटली हे खरंच, पण त्याहून वाईट काहीतरी डोक्यात आलं. मी हफ्ताभर जे जे तपासलं होतं ते शेवटी नाकानंच पक्कं केलं होतं. नाकच नसेल तर मी काहीच तपासलेलं नव्हतं. आणि मी त्या दोघांना त्या टाकीवर बसवून, समोर दिवा लावून, पुढं फटाक्यांच्या माळा लावून अंबरनाथला नेणार होतो. मी म्हणालो, "सेठ, गाडी उघडायची."

"आत्ता? वरातीत? पागल झालास?"

"आत्ता. भंगारात टाका, नांगरावर पाठवा, काय ते मागनं." सेठला मी पहिल्यांदाच उलटं बोललो. कोट काढून त्यानं नवरदेवाच्या हातात दिला.

नवरा-नवरीला उतरवून ओटीवर बसवलं. मागची गादी उचलली, खालची फळी काढली, खाली टाकी. टाकीच्या माथ्यावर बशीएवढं एक गोल झाकण, सहा स्क्रूंचं. त्याच्यातून पेट्रोल किती आहे ते दाखवणारा तरंगता बोळा आत सोडलेला असतो, आणि झाकणाखाली बुचाच्या सालीची पातळ चकती, झाकण घट्ट बसावं म्हणून. सगळं कोरडं दिसत होतं. पेट्रोलचं हेच वाईट. पाणी गळलं तर डाग ठेवतं, तेल गळलं तर चिकटतं, पेट्रोल उडून जातं. मी कपाळाला हात लावून बसलो. भागी माझ्या खांद्यावरून बघत होती.

"उंदीर कुठनं येतंय ते बघायला आमी पीठ टाकताव," ती म्हणाली. "पाऊल उमटतं." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं काशी आत्याला पिटाळून भाकरीच्या पिठाचा डबा आणवला. मुठीतून, रांगोळी घालावी तसं, तिनं टाकीच्या माथ्यावर, झाकणावर, जोडांवर तांदळाचं पीठ भुरभुरवलं. मग मामाला म्हणाली, "बिडी टाका ती." मामानं बिडी पाण्याच्या हंड्यात टाकली. "आनि आता गाडी हलवा, रस्त्यावं हलते तशी." मामा आणि त्याचे चार भाऊबंद मडगार्डांना लागले आणि बैल उठवावा तशी त्यांनी मेमसाबला हलवली. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला. मी मान घालून बघत होतो. पांढऱ्या पिठावर झाकणाच्या कडेला एक टिंब ओलं झालं. मग दुसरं. मग कडेकडेनं अर्धं वर्तुळ, तांबूस. तेव्हा पेट्रोलला रंग असायचा.

"उमटलं बघ पाऊल," भागी म्हणाली.

मी मामाला विचारलं, "टाकीत किती भरलंत?" त्याही अवस्थेत त्याची छाती फुगली. "फुल्ल! भाचा आहे आपला." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. झाकण टाकीच्या माथ्यावर. तळाला बोटभर पेट्रोल असताना ते झाकणापर्यंत येणारच कसं? ते फक्त भरल्या टाकीत, रस्त्यानं हिंदकळल्यावर, गादीवर दोन माणसं बसल्यावर येणार. आणि बुचाची चकती ओली राहिली तर फुगून बसते, बाटलीच्या बुचासारखी. आमची टाकी महिनोन् महिने रिकामी ठेवून आम्हीच ती सुकवली होती. सुकली, आकसली, फट पडली. मी सेठकडं बघितलं. त्यालाही कळलं होतं. म्हणाला, "साईं, माझ्याच काठीनं मला मारलं."

इलाज साधा होता. अर्धी टाकी रिकामी करायची. मी नळी लावून तोंडानं ओढलं. माझं नाक असंच गेलं, हे मला त्या दिवशी ओढता ओढता समजलं. भांडं कुठलं? लग्नघरात रिकामं भांडं एकच सापडलं, हळदीचं घंगाळ. नवरीच्या हळदीच्या घंगाळात मामाचं फुल्ल पेट्रोल भरून ते चौघांनी लांब खाचराच्या बांधावर नेऊन ठेवलं, आणि काशी आत्या त्याच्यावर राखण बसली, सूप घेऊन, कोणी बिडीवाला आला तर हाणायला. पोरींनी दारं उघडून सुपांनी गाडीला वारा घातला. पुन्हा पीठ टाकलं, पुन्हा हलवली. पीठ पांढरं.

मग प्रश्न आला औक्षणाचा. दिवा परत पेटवायला भागी तयार होईना आणि बिनओवाळता गाडी हलवायला बायका तयार होईनात. शेवटी मामानं आपली रात्रपाळीची बॅटरी काढून दिली. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, आणि मध्ये निरांजनाच्या जागी दोन सेलची बॅटरी. बाहेर लख्ख ऊन. आत्या बांधावरून ओरडली, "लागली काय गो?" भागीनं बॅटरीसमोर तळहात धरून उजेड दाखवला, मग तीनदा ओवाळलं. आबा मघापासून उभे होते ते आता पुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच बोलले, "दिवा इझला. पोरी नाय इझल्या." नवऱ्याकडच्या त्याच दोन बायकांनी भागीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मंजुळा ओकली नाही. भानगड सुरू झाल्यापासून मेमसाबमध्ये न ओकलेली ती पहिली नवरी. दुसऱ्या दिवशी सेठनं नवी चकती आणली, टाकीच्या तोंडाला कुलूप बसवलं, आणि बांबूची काठी अम्माला पापड उलटायला देऊन टाकली.

मी वर्षभरानं कुळगावला आबांसमोर जाऊन बसलो. ते म्हणाले, "तुला वास येत नाय. मंग हिच्या हातचं जेवन तुला कसं कळंल?" आतून आवाज आला, "मी सांगेन ना त्याला, चांगलं झालंय म्हनून." आणि जन्मभर सांगितलं. माझ्या तोंडाला खारट, गोड, तिखट कळायचं. बाकीचं सगळं तिनं सांगितलं तसं मी जेवलो. बाजारातून सुके बोंबील आणले की पिशवी माझ्यापुढं आपटून म्हणायची, "घ्या, मोगरा." घरात पाहुणे असले की ते चक्रावायचे. पोरगा लहानपणी शाळेत बोंबलाला मोगरा म्हणाला आणि मार खाऊन आला.

ती गेली तेव्हा मी रडलो नाही. स्मशानात नाही, घरी नाही. भावकीत म्हणाले म्हातारा कोरडा आहे. म्हणू देत. ती जिथं गेली त्या जागी रीतीप्रमाणं दिवा लावला, दिव्यापाशी ताटात तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. सकाळी पिठात जे पाऊल दिसेल त्या जन्माला माणूस गेलं असं समजतात. दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून पहाटे मीच टोपली उचलून तेल घातलं. वाकलो होतो. किती वेळ वाकलो होतो ते माहीत नाही. गुडघे दुखले तेव्हा टोपली परत झाकली.

सकाळी सगळे जमले. टोपली काढली. पांढऱ्या पिठावर दोन ओली टिंबं होती, वाळत आलेली. एक जण म्हणाला गाईचं खूर. दुसरा म्हणाला छे, गाईचं एवढं लहान असतं का, ही चिमणी. खूर की चिमणी यावर चांगलीच जुंपली. शेवटी सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बघून सांगा."

मी खाली बसलो. आयुष्यभर हेच काम केलं, ओलं कुठून आलं ते मला एका नजरेत कळतं. सगळे थांबले होते. मी म्हणालो, "चिमणीच आहे."

पंचांसमोर खोटी साक्ष द्यायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्यांदा बोंबलाला मोगरा म्हणालो होतो, पण तेव्हा मला पकडणारी समोर उभी होती.